खटला संपायच्या आधीच दोषी ठरवलं, तर नुकसान कोणाचं?

वहिवाट (धागाकर्ता)

‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली’ ही ओळ बातमीत आली की बहुतेकांच्या लेखी प्रकरण संपतं. मग चर्चा उरते ती फक्त शिक्षेची. मी फौजदारी खटल्यांत काम करतो, कधी आरोपीच्या बाजूने, कधी मूळ फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य म्हणून. दोन्ही बाजू जवळून दिसतात म्हणून हे लिहावंसं वाटलं.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. त्या जबाबावरून एखादी वस्तू सापडली, लपवलेला चाकू म्हणा, तर तेवढ्यापुरता भाग वाचता येतो. बाकी कागद कोरा समजायचा. कोठडीत कबुली कशी निघते हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनीच हा नियम केला. म्हणजे ज्या बातमीवर आपण माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होतो, ती खटल्यात उभीसुद्धा राहत नाही.

या विषयावर एरवी बोललं जातं ते आरोपीच्या बाजूने: त्याची बदनामी, त्याचे हक्क, त्याचं कुटुंब. ते सगळं खरंच आहे. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आधीच निकाल लावण्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं, कारण खरा गुन्हेगार शोधायची घाईच संपते.

महाराष्ट्रातलं २००३ चं प्रकरण घ्या. एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. का? तर हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. घटनेनंतर दोन दिवसांत. त्या चौघांच्या मागे कोणी गेलंच नाही.

सहा माणसांची सोळा वर्षं गेली हे तर भयंकर आहेच. त्या बाईंना मात्र काय मिळालं, हे मला जास्त अस्वस्थ करतं. त्यांनी बोट दाखवलं होतं.

कातळ

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा पोचला, पण मला तो एकांगी वाटतो. सामान्य माणूस आधी निकाल लावतो कारण कोर्टाचा निकाल त्याच्या हयातीत लागेल याची त्याला खात्री नाही. आरोपी पैसेवाला असेल तर जामीन, मग तारखा, मग साक्षीदार फितूर, मग ‘पुराव्याअभावी निर्दोष’. हे आम्ही किती वेळा बघायचं?

दिल्लीच्या जेसिका लाल खटल्यात भर पार्टीत गोळी घातली गेली, १९९९ साली. फेब्रुवारी २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सगळे आरोपी सोडले. लोक रस्त्यावर आले, वाहिन्यांनी लावून धरलं, तेव्हा कुठे डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. लोक गप्प बसले असते तर? ‘निकालाची वाट बघा’ हा सल्ला नेहमी ताकदवान आरोपीच्या पथ्यावर पडतो. गरिबाची वाट कोणी बघत नाही, त्याला पहिल्याच दिवशी मारहाण होते.

अक्षर३७

कातळ यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. माझा प्रश्न मात्र आणखी मुळाशी आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानणं हा नियम न्यायालयासाठी आहे. न्यायाधीशाच्या हातात तुरुंग आहे, फाशी आहे, म्हणून त्याने पुरावा मागायचा. माझ्या हातात काय आहे? माझं मत. मी बातम्या वाचून, फुटेज बघून मत बनवलं तर कायदा मला कसा अडवणार?

शिवाय कायदासुद्धा सगळीकडे आरोपीला निर्दोष धरून चालत नाही. धनादेश न वटल्याच्या खटल्यात धनादेश देणी फेडण्यासाठीच दिला होता असं गृहीत धरतात. पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दलच्या कायद्याच्या कलम २९ मध्ये, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या हुंडाबळीच्या खटल्यातही गृहीतक आरोपीच्या विरोधात जातं. म्हणजे कायद्यालाही माहीत आहे की काही ठिकाणी ओझं आरोपीवर टाकावं लागतं.

वहिवाट

@अक्षर३७, तुम्ही दिलेली उदाहरणं बरोबर आहेत, पण त्यांतही पहिली पायरी फिर्यादी पक्षालाच चढावी लागते. हुंडाबळीत मृत्यू सात वर्षांच्या आत आणि अनैसर्गिक होता, मृत्यूच्या थोडंच आधी हुंड्यासाठी छळ झाला होता, हे आधी सिद्ध करायचं. मग गृहीतक लागू होतं, आणि तेही आरोपीला खोडून काढता येतं. नुसत्या एफआयआरवर कुठलंही गृहीतक उभं राहत नाही.

मनातल्या मताला कोणी हात लावत नाही. सगळ्यांसमोर ‘यानेच केलं’ असं लिहिणं ही वेगळी गोष्ट. बदनामीच्या कलमाला (पूर्वीचं ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६) जे अपवाद आहेत, त्यातला एक खटल्याच्या गुणदोषांवर सद्हेतूने मत देण्याबद्दल आहे. तो निकाल लागलेल्या खटल्यासाठी आहे. निकालानंतर न्यायाधीशांचं चुकलं असं म्हणायला कायदा जागा देतो. खटला चालू असताना त्या अपवादाचा आडोसा मिळत नाही.

न्यायालयाच्या अवमानाचंही आहे. १९७१ च्या कायद्यात फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरलं जातं ते दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून, किंवा न्यायालयाने समन्स, वॉरंट काढल्यापासून. म्हणजे अटकेनंतरचे पहिले दोन-तीन महिने, जेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, तेच बरेचदा बाहेर राहतात. विधी आयोगाने ऑगस्ट २००६ च्या २०० व्या अहवालात ही सुरुवात अटकेपासून धरा असं सुचवलं होतं. कायदा बदलला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाबद्दल मोठा निकाल दिला, त्यात तपास चालू असताना काय टाळावं याची यादीच आहे. पोलिसांसमोरची कबुली हा ग्राह्य पुरावा असल्यासारखी दाखवणं, आरोपीचे फोटो छापून त्याची ओळख सोपी करणं, गुन्हा कसा घडला याचं नाट्यरूपांतर करणं, हे सगळं त्यात आहे.

@कातळ, तुम्हाला नीट उत्तर द्यायचंय, रात्री लिहितो.

निवृत्त_नायब

फोटोचा विषय निघाला म्हणून लिहितो. नायब तहसीलदार असताना कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने मी कारागृहात ओळख परेड घेतलेल्या आहेत. बाहेरच्या लोकांना ही गोष्ट फक्त नावाने माहीत असते.

एका आरोपीसाठी कमीत कमी सहा डमी माणसं उभी करायची, त्याच वयाची, तशाच बांध्याची, रंगाची. आरोपीच्या कपाळावर खूण असेल तर सगळ्यांच्या कपाळाला त्याच जागी पट्टी चिकटवायची. कोणत्या जागी उभं राहायचं ते आरोपीने ठरवायचं, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्यायचे. तपासावरचे पोलीस खोलीत नकोत. साक्षीदाराला दुसऱ्या खोलीत बसवायचं, एकेकालाच आत आणायचं, आणि एक साक्षीदार बाहेर गेला की आरोपीला पुन्हा जागा बदलायची मुभा. पंच हजर, सगळ्याचं टिपण, शेवटी सह्या. आरोपीला आणतानासुद्धा तोंड झाकून आणतात. टीव्हीवर बुरखा घातलेला आरोपी बघून लोक संतापतात की याला कसली लाज वाटते, तोंड दाखवा म्हणावं. तो बुरखा आरोपीच्या अब्रूसाठी नसतो, साक्षीदाराची ओळख शाबूत राहावी म्हणून असतो.

परेडच्या आधी मी साक्षीदाराला विचारायचो, याला घटनेनंतर कुठे पाहिलंय का, कोणी फोटो दाखवलाय का. जुन्या काळी उत्तर ‘नाही’ असायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक म्हातारे गृहस्थ आले, ज्यांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला होता. सरळ मनाचा माणूस. म्हणाले, ‘साहेब, सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय की त्याचा फोटो, मला नातवाने दाखवला.’ मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसरं काय करणार? त्यांनी बरोबर माणसाला ओळखलंही असेल. पण ते घटनेच्या आठवणीवरून ओळखतायत की मोबाईलवरच्या फोटोवरून, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो फोटो ज्यांनी पुढे पाठवला ते सगळे आरोपीच्या विरोधातच होते.

वहिवाट

काका, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पुढे कोर्टात काय होतं ते मी सांगतो. उलटतपासात बचावाचा वकील दोनच प्रश्न विचारतो. ‘परेडच्या आधी आरोपीचा फोटो पाहिला होता?’ ‘हो.’ ‘त्या फोटोखाली हाच गुन्हेगार असं लिहिलं होतं?’ ‘हो.’ बस. वकील खाली बसतो. फिर्यादीच्या कुटुंबातले लोक मागच्या बाकावर असतात, नेमकं काय हातचं गेलं ते त्यांना त्या क्षणी कळतही नाही.

परेडमध्ये काटेकोरपणा राहिला नाही तर काय होतं याचं मोठं उदाहरण ताजं आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वेळी तो अधिकारच नव्हता, हे निकालातल्या कारणांपैकी एक. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने सांगितलं. तेव्हा इथेही कोणी अंतिम शब्द उच्चारू नये. एवढं मात्र आजच म्हणता येतं, की ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांच्या हातात १९ वर्षांनीही पक्कं उत्तर नाही.

रेवा_

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. इथे बहुतेक प्रतिसाद पुरुषांचे आहेत असं वाटतं, म्हणून एक बाजू मांडते.

बाई जेव्हा तक्रार करते तेव्हा तिला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘निकाल लागू दे’. घरातून, ऑफिसमधून, मैत्रिणींकडूनसुद्धा. त्याचा तिला कळणारा अर्थ असतो, ‘तोवर आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.’ बलात्काराच्या खटल्यांत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे शिक्षेचं प्रमाण २०२२ मध्ये साधारण २७ टक्के होतं. म्हणजे उरलेल्या सगळ्या बायका खोटं बोलल्या? नाही ना? मग निर्दोष सुटका हाच सत्याचा शेवटचा शब्द कसा मानायचा? आणि ज्या बाईने खटला टिकणारच नाही म्हणून तक्रारच केली नाही, तिचं काय?

निर्दोष मानण्याचं तत्त्व मला मान्य आहे. पण ते ज्या आवाजात आमच्यासमोर म्हटलं जातं, तो आवाज बहुतेक वेळा गप्प करायला वापरला जातो.

शुभदा ज

रेवा, तुझं म्हणणं कळतंय. माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे, तरी तुझ्या विरोधात म्हणून वाचू नकोस.

माझे वडील एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. अपहार झाला, गुन्हा दाखल झाला, संचालकांबरोबर कर्मचाऱ्यांचीही नावं आली. अटकेच्या दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. ‘ठेवीदारांचे पैसे लुटणारी टोळी गजाआड.’ ठेवीदार दारात येऊन बसायचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बाबांनीच खाती उघडून दिली होती. एक आजी रोज यायच्या, काही बोलायच्या नाहीत, पायरीवर बसून राहायच्या. आई त्यांना पाणी द्यायची. त्यांचा राग खरा होता, पैसे खरंच गेले होते.

बाबा सुटले. निकालात स्पष्ट लिहिलं होतं की ज्या नोंदी खोट्या होत्या त्यांवर त्यांची सही नव्हती. ती बातमी कुठेच आली नाही. मी निकालाची प्रत घेऊन त्याच वर्तमानपत्राच्या कार्यालयात गेले, तिथे म्हणाले, आता यात वाचकांना काय रस असणार. बाबांचं नाव इंटरनेटवर शोधलं की अजूनही तो गजाआडचा मथळाच वर येतो. आणि ज्यांनी खरंच पैसे नेले त्यांची चौकशी मात्र त्या ‘टोळी’च्या गदारोळात थंडावली. आजींना पैसे परत मिळाले नाहीत.

वहिवाट

@रेवा_, तुमच्या प्रतिसादावर दिवसभर विचार केला.

निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी, हे समीकरण मुळातच चूक आहे. न्यायालय ‘संशयाचा फायदा’ देतं तेव्हा ते एवढंच सांगतं की वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. कधी तपास ढिसाळ, कधी वैद्यकीय तपासणीला उशीर, कधी साक्षीदार फुटले. तक्रार खोटी होती असं म्हणायचं असेल तर तेही वेगळं सिद्ध करावं लागतं. म्हणजे सुटका झाल्यावर ‘बघा, बाई खोटारडी निघाली’ असं लिहिणारा माणूस त्या बाईला पुराव्याशिवाय दोषी ठरवत असतो. हा नियम तिलाही तितकाच लागू आहे, हे कोणी बोलत नाही.

दुसरं, तिच्यावर विश्वास ठेवायला निकालाची गरज नाही. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, वकील शोधा, रजा मिळवून द्या, रात्री फोन उचला. यातलं काहीही करायला आरोपीचं नाव चारशे लोकांना पाठवावं लागत नाही. उलट नाव पसरवताना बऱ्याचदा तिचीच ओळख उघड होते. ‘अमुक शाळेतला अमुक शिक्षक, अमुक वर्गातली मुलगी’ एवढं लिहिलं की मुलगी कोण ते सगळ्यांना कळतं. पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तो हेतू चांगला होता म्हणून माफ होत नाही.

मेघश्याम

शाळेचं उदाहरण आलंच आहे तर विचारतो. मी एका शाळेच्या पालक समितीवर आहे. शिक्षकावर असा आरोप झाला, तर निकाल लागेपर्यंत त्याला निर्दोष मानून वर्गावर पाठवायचं? कुठलाही पालक हे मान्य करणार नाही, मीही नाही.

निवृत्त_नायब

@मेघश्याम, पाठवायचं नाही. खबरदारी आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरकारी नियमांत तो फरक पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित मानला जातो, त्याला मानीव निलंबन म्हणतात. निलंबन ही शिक्षा नाही. निर्वाह भत्ता चालू राहतो, सुटका झाली तर त्या काळाचं काय करायचं याचा वेगळा निर्णय होतो. मुलांपासून त्याला लांब ठेवायचं, चौकशी बसवायची, पोलिसांना कागद द्यायचे. त्याच्या घरावर मोर्चा न्यायची किंवा त्याच्या मुलीला शाळेत टोचून बोलायची गरज यातून कुठेही निघत नाही.

निवडणुकीतही तसंच. उमेदवाराला प्रलंबित खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात, ते वाचून मत द्यायचं नाही असं तुम्ही ठरवू शकता. अपात्र मात्र तो शिक्षा झाल्यावरच ठरतो.

कातळ

काकांचा परेडचा प्रतिसाद वाचून मी थांबलो होतो. तो बुरख्याचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता.

तरी माझा प्रश्न सुटलेला नाही. वेग. २०१९ मध्ये हैदराबादला त्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दहा दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात चारही आरोपी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. का वाटलं, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? कारण त्या दहा दिवसांत जे झालं ते एरवी दहा वर्षांत होत नाही.

अक्षर३७

@कातळ, त्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपलेच, निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. मे २०२२ मध्ये त्यांचा अहवाल खुला झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार केला, आणि चारपैकी तीन आरोपी घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष त्यात आहे. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस झाली.

त्या मुलीचा गुन्हा त्या चौघांनीच केला का, कोणी किती केला, आणखी कोणी होतं का, हे आता कुठल्याही न्यायालयात तपासलं जाणार नाही. उलटतपास नाही, पुरावा नाही. मी वर म्हटलं होतं की माझ्या हातात फक्त मत आहे. पण लाखो लोकांचं मत एकाच दिशेला गेलं की ते पोलिसांच्या हातातल्या बंदुकीपर्यंत पोचतं, हे मला मान्य करावं लागेल.

शुभदा ज

आणि त्या दहा पोलिसांनाही हाच नियम. आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. त्यांना खुनी म्हणायचा अधिकारही आपल्याला अजून मिळालेला नाही.

वहिवाट

शुभदाताईंशी शंभर टक्के सहमत, आणि ज्यांना आरोपीच्या जागी उभं राहावं लागलं त्यांनी हे लिहावं याचं मोल मला जास्त वाटतं.

@कातळ, आता तुमचं राहिलेलं उत्तर. उशीर खरा आहे. पण तो उशीर कोणाला भोगावा लागतो ते पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, ज्यांचा खटला संपलेला नाही. चारांत तीन. पैसेवाला जामिनावर बाहेर असतो हे तुम्ही म्हणता ते बरोबर, म्हणून आत असणारे बहुतेक दुसरेच असतात. लोकांच्या संतापाचा एक ठरलेला परिणाम म्हणजे जामीन अवघड होतो, आणि तो अवघड होतो मुख्यतः ज्याच्याकडे मोठा वकील नाही त्याला.

जेसिका लाल खटल्यात लोक उठले ते कधी? खटला चालून, निकाल लागल्यावर. निकालात आणि तपासात काय पोखरलेलं होतं ते समोर आल्यावर. तो राग नेमका होता: साक्षीदार कसे फुटले, काडतुसांचा अहवाल असा कसा आला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, आणि त्याच निकालात खटल्याआधीच दोषी ठरवणाऱ्या वार्तांकनाबद्दल इशाराही दिला.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकालपत्र ओळ-ओळ वाचून त्यातलं संमतीबद्दलचं गृहीतक कुठे चुकलं ते दाखवलं. त्यातून देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात बाईने संमती नव्हती असं सांगितलं की न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं. त्या आधी असंख्य लोक असंख्य प्रकरणांत संतापले होते. उपयोगी पडली ती निकालपत्र वाचलेल्यांची चिकाटी.

गप्प बसा असं मी कधीच म्हणणार नाही. ठाणेदाराला विचारा, वैद्यकीय तपासणी किती तासांत झाली. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत गेलं का? मुदत हुकली की आरोपीला जामीन हक्काने मिळतो, आणि ती बातमी क्वचितच कोणी लावून धरतं. साक्षीदाराला संरक्षण मिळालं का, सरकारी वकील नेमला का, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल किती महिने अडकलाय. यातला प्रत्येक प्रश्न जोरात, नाव घेऊन, आजच विचारता येतो. त्याने खटला बळकट होतो.

रेवा_

‘तिच्यावर विश्वास ठेवायला निकालाची गरज नाही’ हे वाक्य मी आमच्या महिला गटात पाठवलंय. वर काकांचं परेडचं वर्णनही. तिथे एका प्रकरणातल्या आरोपीचा फोटो फिरत होता, दोघीतिघींनी तो काढून टाकला.

पोलिसांनीच पत्रकार परिषद घेऊन आरोपी उभा केला तर मात्र आपण काय करणार?

वहिवाट

तो खरा रोगाचा उगम आहे. १३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत तयार करायला केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं होतं. पोलिसांकडून एकतर्फी माहिती बाहेर येते आणि तिथूनच माध्यमांतले खटले सुरू होतात, ही त्यामागची चिंता होती. आरुषी तलवार या शाळकरी मुलीच्या खुनाचं प्रकरण आठवा, मे २००८. पहिल्या दिवशी संशय घरातल्या नोकरावर, त्याच्या शोधात पोलीस बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. एक दिवसभर तो सगळ्या देशासाठी खुनी होता, आणि तेव्हा तो मेलेला होता. नंतर आईवडिलांवर दोष आला, २०१३ मध्ये जन्मठेप, ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयातून निर्दोष मुक्तता. आरुषीला आणि त्या नोकराला कोणी मारलं हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही.

कातळ

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण आहे, तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे मोर्चात होतो. नंतर काय झालं ते खरं सांगायचं तर कोणीच बघितलं नाही. खटला कुठवर आलाय ते कसं कळेल?

वहिवाट

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर. पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येतं. कुटुंबाकडे त्या खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) असेल तर तोच टाका, लगेच सापडेल. ‘टप्पा’ या रकान्यात बघा. दोषारोप निश्चित व्हायचे आहेत, साक्षीपुरावा चालू आहे, की युक्तिवाद. खाली आधीच्या सगळ्या तारखा आणि त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात असतं. सलग चार-पाच तारखा नुसत्या पुढे ढकललेल्या दिसल्या तर सरकारी वकिलांना भेटा आणि कुटुंबाला सोबत घेऊन जा.

कातळ

सापडलं. साक्षीपुरावा चालू आहे, पुढची तारीख सोळा तारखेची. कोर्टात बसायला परवानगी लागते का?

वहिवाट

लागत नाही, न्यायालय सगळ्यांना खुलं असतं. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो, असे काही अपवाद आहेत. मोबाईल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा. साक्षीदाराची साक्ष चालू असताना पुढचे साक्षीदार बाहेर थांबतात, त्यांच्याशी आत काय झालं ते बोलू नका. सकाळी अकराच्या आधी पोचा, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, तुमचा क्रमांक कितवा आहे ते शिपायाला विचारलं तरी चालतं.